पोट भरले, की वासना उडाली?



जेवता जेवता हात थांबण्याच्या दोन तऱ्हा आपल्या भाषेने वेगळ्या ओळखल्या आहेत. लग्नाच्या पंगतीत मनाजोगे जेवून, आग्रहाची जिलेबी हाताने आडवीत माणूस म्हणतो, ‘आता पुरे, पोट भरले.’ तापातून नुकत्याच उठलेल्या माणसापुढे त्याच्या आवडीचा पदार्थ ठेवला आणि त्याने तोंड फिरविले, तर घरातील माणसे म्हणतात, ‘ह्याची अन्नावरची वासनाच उडाली आहे.’ दोन्ही प्रसंगी पानात अन्न शिल्लक राहते. ते तराजूने तोलू गेल्यास दोहोंत काहीच फरक दिसणार नाही. परंतु एकात तृप्ती आहे, दुसऱ्यात शिसारी. एक आरोग्याची खूण आहे, दुसरी आजाराची. घरातील आजीला हा भेद एका दृष्टीत कळतो. शास्त्रज्ञांना तो शरीराच्या आत हुडकून काढण्यास मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. आणि नवल असे की, त्यांपैकी बऱ्याच जणांचा मूळ शोध भुकेचा नव्हताच, तो मधुमेहाचा होता.

हा इतिहास आज सांगण्यास कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. राज्याराज्यांची तुलना केली, तेव्हा गोव्याचा आकडा सर्वांत वरचा, म्हणजे प्रौढांपैकी शेकडा २६.४, असा निघाला. ह्या रोगावर गेल्या वीस वर्षांत एक नवी औषधमाला आली आहे. तिच्यातील बहुतेक औषधे कातडीखाली टोचून घ्यावी लागतात. त्यांनी रक्तातील साखर उतरते, भूक मंदावते आणि वजनही घटते. पण ही औषधे घेणाऱ्या पुष्कळांना मळमळ सुटते, काहींना वांत्या होतात. तेव्हा साहजिकच प्रश्न पडतो : ह्या औषधांनी माणसाचे पोट भरते, की त्याची वासना उडते? आणि मळमळ नको असेल, तर तृप्तीवरही पाणी सोडावे लागेल काय?

ह्या प्रश्नाच्या मुळाशी आणखी एक जुना प्रश्न आहे. भूक राहते कोठे? आपण म्हणतो, पोटात कावळे ओरडतात. विसाव्या शतकाच्या आरंभी विज्ञानाचेही मत ह्याहून फारसे वेगळे नव्हते. १९१२ साली अमेरिकेत हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन ह्यांनी एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांचे विद्यार्थी वॉशबर्न ह्यांनी रबराचा एक फुगा नळीसकट गिळला. तो फुगा जठरात फुगविण्यात आला. जठर आकुंचन पावले की नळीतून त्याची नोंद होई. भुकेची कळ आली की वॉशबर्न एक कळ दाबीत. दोन्ही नोंदी जुळल्या. भूक म्हणजे रिकाम्या जठराची आकुंचने, असा निष्कर्ष निघाला. परंतु पुढे असे दिसून आले की, ज्यांचे जठर शस्त्रक्रियेने काढून टाकलेले आहे अशा रोग्यांनाही भूक लागते. कावळे ओरडण्यास पोट लागत नाही, असेच हे झाले! तेव्हा शोधकांची नजर वर, मेंदूकडे वळली.

१९४० साली हेदरिंग्टन आणि रॅन्सन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागात बारीक इजा केली, तेव्हा ते उंदीर भलतेच लठ्ठ झाले. १९५१ साली येल विद्यापीठात बाळकृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक ह्यांनी त्याच भागाच्या बाजूस इजा केली, तर उलटाच प्रकार घडला. उंदीर खाईनासे झाले. समोर अन्न असताना उपाशी मरू लागले. ह्यांतील आनंद हे आपले भारतीय. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांनी शरीरक्रियाविज्ञानाचे अध्यापन आणि संशोधन ह्यांचा पाया घातला. भुकेची आणि तृप्तीची सूत्रे मेंदूतून हलतात, हे त्या दशकात स्पष्ट झाले. मात्र पोटात काय चालले आहे ह्याची वर्दी मेंदूला नेमकी कशी पोचते, हे अद्याप अंधारात होते.

आता ही वाट येथेच सोडून आपण दुसऱ्या वाटेने जाऊ. ती मधुमेहाची वाट होय. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग ह्या दोघांनी दाखवून दिले की, आतड्याच्या अस्तरातून एक द्रव्य रक्तात उतरते आणि दूरच्या स्वादुपिंडास पाचकरस सोडण्याची आज्ञा देते. असा निरोप मज्जातंतूंवाचून, केवळ रक्तावाटे जाऊ शकतो, ही कल्पना त्या काळी क्रांतिकारक होती. अशा निरोप्या द्रव्यांना १९०५ साली स्टार्लिंग ह्यांनी हॉर्मोन हे नाव दिले. आपण त्यांस संप्रेरके म्हणतो. लगेच १९०६ साली लिव्हरपूलचे बेंजामिन मूर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी आतड्याच्या अस्तराचा अर्क मधुमेही रोग्यांना पाजून पाहिला. हेतू असा की, आतड्याचा निरोप साखरेच्या विकारावरही उपयोगी पडावा. इन्शुलिनचा शोध तेव्हा अजून पंधरा वर्षे दूर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या विचाराची झेप कळते.

१९२१ साली टोरांटो येथे इन्शुलिन हाती आले आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्या रोग्यास टोचण्यात आले. त्या तेजापुढे आतड्याचा विषय फिका पडला. बेल्जियममधील ला बार ह्यांनी १९३२ च्या सुमारास आतड्यातील ह्या कल्पित द्रव्यास इन्क्रेटिन असे नाव दिले. पण इतरांच्या प्रयोगांत ते आढळेना आणि नाव तेवढे मागे उरले. ह्याचे एक कारण असे की, रक्तातील इन्शुलिन मोजण्याचे साधनच कोणापाशी नव्हते. ते साधन रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन ह्यांनी न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात १९६० च्या सुमारास तयार केले. मग १९६४ साली लंडनमध्ये मॅकिन्टायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा पण निर्णायक प्रयोग केला. साखर एकदा शिरेतून दिली, एकदा आतड्यातून दिली. आतड्यातून दिलेल्या साखरेने इन्शुलिन कितीतरी अधिक स्रवले. म्हणजे अन्न आल्याची वर्दी आतडे स्वादुपिंडाला खरोखरच देत होते. मूर ह्यांची अटकळ पोकळ नव्हती.

ती वर्दी देणारे एक महत्त्वाचे द्रव्य सापडले ते अगदी अनपेक्षित ठिकाणी. १९८२ साली बॉस्टन येथे जोएल हेबेनर ह्यांच्या प्रयोगशाळेत अँगलर नावाच्या समुद्री माशाच्या पेशींत ग्लुकागॉन ह्या संप्रेरकाचा आनुवंशिक मजकूर वाचला जात होता. त्याच मजकुरात ग्लुकागॉनच्या शेजारी, त्याच्यासारखेच दिसणारे आणखी एक द्रव्य लिहिलेले आढळले. पुढच्या वर्षी माणसाच्या जनुकातही तसाच मजकूर सापडला. ह्या कुळातील एका द्रव्यास ग्लुकागॉनसदृश पेप्टाइड-१, थोडक्यात जीएलपी-१, असे नाव मिळाले. परंतु त्याचा कोणता तुकडा शरीरात खरे काम करतो? बॉस्टनमध्येच स्वेत्लाना मोयसोव ह्यांनी तो ओळखला. १९८७ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखविले की, अत्यल्प प्रमाणातही तो तुकडा उंदराच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन सोडवितो. त्याच सुमारास कोपनहेगनचे येन्स होल्स्ट आणि त्यांचे सहकारीही तेथवर पोचले. ह्या द्रव्याचा मोठा गुण असा की, रक्तात साखर चढलेली असेल तेव्हाच ते जोर करते. साखर उतरली की आपोआप स्वस्थ बसते. मधुमेह्यास ह्याहून सोयीचे औषध कोणते?

अडचण एकच होती. शरीरातील एक पाचक द्रव्य जीएलपी-१ चा दोनएक मिनिटांतच फडशा पाडी. उत्तर मिळाले ते वाळवंटात. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील आणि मेक्सिकोच्या रखरखीत प्रदेशात गिला मॉन्स्टर नावाचा, आपल्या घोरपडीची आठवण करून देणारा एक विषारी सरडा राहतो. तो क्वचितच खातो, पण खातो तेव्हा भरपूर खातो. ज्या ब्राँक्सच्या रुग्णालयात यालो ह्यांनी इन्शुलिन मोजले, त्याच रुग्णालयातील जॉन एंग ह्यांना १९९२ साली ह्या सरड्याच्या विषारी लाळेत जीएलपी-१ शी निम्म्याहून अधिक साम्य असलेले एक द्रव्य सापडले. ते माणसाच्या रक्तात लवकर नष्ट होत नसे. त्यातूनच एक्झेनाटाइड हे औषध निघाले आणि २००५ च्या एप्रिलमध्ये त्यास अमेरिकेत परवानगी मिळाली. इकडे डेन्मार्कमध्ये लोटे ब्येर्रे क्नुडसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी युक्ती केली. त्यांनी जीएलपी-१ ला स्निग्धाम्लाची एक शेपटी जोडली. त्या शेपटीने ते रक्तातील प्रथिनाला चिकटून बसते आणि सावकाश सुटते. अशा रीतीने आधी रोज टोचावयाचे लिराग्लुटाइड झाले, मग आठवड्यातून एकदाच टोचावयाचे सेमाग्लुटाइड झाले. दुसऱ्यास मधुमेहासाठी २०१७ साली आणि वजनासाठी २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. दोन मिनिटांच्या पाहुण्याला आठवडाभर मुक्कामास ठेवण्यात आले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मघाशी सोडलेल्या पहिल्या वाटेवर परत येऊ. कारण येथेच दोन्ही वाटा एकत्र मिळतात. १९९६ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात स्टीफन ब्लूम ह्यांच्या चमूने जीएलपी-१ उंदरांच्या मेंदूतील पोकळीत सोडले. भुकेलेल्या उंदरांनी खाणे एकदम कमी केले. उलट, त्याचे काम अडविणारे द्रव्य सोडले, तेव्हा पोट भरलेले उंदीर अधिक खाऊ लागले. १९९८ साली कोपनहेगनमध्ये तरुण, निरोगी पुरुषांच्या शिरेतून हेच द्रव्य देण्यात आले. त्यांनी आपण होऊन कमी खाल्ले, आणि पोट भरल्याची भावना अधिक असल्याचे सांगितले. एवढेच नव्हे, तर जीएलपी-१ केवळ आतड्यातच नव्हे, मेंदूच्या देठातील काही पेशींतही तयार होते, हेही उघड झाले होते. साखरेसाठी शोधलेले द्रव्य भुकेच्या कारभारातले निघाले.

पण लगेच शंका निघाली. उंदीर कमी खातो तो तृप्त झाला म्हणून, की त्याचा जीव घाबरा झाला म्हणून? उंदराला विचारता येत नाही. आणि गंमत अशी की, उंदराला वांतीही करता येत नाही. मग शास्त्रज्ञांनी आपल्या आजीचीच कसोटी लावली. उंदराला एका नव्या चवीचे पाणी द्यावयाचे, मग औषध द्यावयाचे, आणि काही दिवसांनी तीच चव पुन्हा समोर ठेवावयाची. त्याने तोंड फिरविले, तर समजावे की त्या चवीशी मळमळीची आठवण जोडली गेली आहे. जीएलपी-१ दिलेल्या काही उंदरांनी तोंड फिरविले. औषधाने भूक कमी होते ती मुळी आजारानेच, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळाला.

ह्या कोड्याची एक किल्ली पूर्वीच घडविलेली होती. १९५० च्या सुमारास बोरिसन आणि वांग हे दोघे अमेरिकेत वांतीचा अभ्यास करीत होते. मेंदूच्या देठाच्या खालच्या भागास लंबमज्जा म्हणतात. तिच्या पृष्ठभागावर एरिया पोस्ट्रेमा नावाचा चिमुकला ठिपका आहे. तो नष्ट केला, तर वांतीकारक औषध टोचूनही कुत्र्याला वांती होत नाही, असे त्यांना आढळले. मेंदूच्या इतर भागांभोवती रक्तातील द्रव्यांना अडविणारा कडक पहारा असतो. ह्या ठिपक्यापाशी तो सैल आहे, आणि तो सैल असणेच शरीराच्या हिताचे आहे. हा ठिपका म्हणजे गावाच्या वेशीवरचा जागल्या. रक्तात विष आले की त्याने हाकाटी करावी आणि पोटाने खाल्लेले बाहेर टाकावे, अशी ती व्यवस्था आहे. आणि ह्याच जागल्याच्या अंगावर जीएलपी-१ ओळखणाऱ्या पुष्कळ पेशी आहेत. जेवणानंतर आतड्यातून येणारा निरोप अल्पजीवी असतो. औषध मात्र रात्रंदिवस रक्तात फिरत राहते. जागल्याने त्यास परका समजून आरडाओरडा केला, तर त्यास दोष कसा द्यावा?

मात्र ह्या जागल्याला लागूनच दुसरे एक केंद्र आहे. जठर आणि आतडी ह्यांच्याकडून व्हेगस नावाच्या मज्जातंतूने येणाऱ्या वार्ता तेथे जमा होतात. पोट किती भरले ह्याचा हिशेब तेथे राहतो. तेव्हा जागल्या आणि हिशेबनीस एकाच ओसरीवर बसलेले आहेत. एकाचा आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढणे हे खरे काम होते.

ते काम गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने झाले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मज्जासंस्थेतील जीएलपी-१ ओळखण्याची शक्ती काढून घेतलेल्या उंदरांना लिराग्लुटाइड देण्यात आले. त्यांची साखर उतरली, पण भूक मात्र कमी झाली नाही. औषधाची दोन कामे दोन ठिकाणी होतात, हे त्यावरून ठरले. मग २०२४ साली फिलाडेल्फियातील मोनेल केंद्रात अ‍ॅम्बर अल्हाडेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ओसरीवरील दोन्ही केंद्रांतील पेशी निरनिराळ्या जागविल्या. हिशेबनिसाच्या पेशी जागविल्या, तर उंदराने खाणे कमी केले, पण चवीकडे पाठ फिरविली नाही. जागल्याच्या पेशी जागविल्या, तर खाणेही कमी झाले आणि तीव्र शिसारीही आली. आणि शिसारीचा मार्ग दाबून धरला, तरी औषधाने भूक कमी होतच राहिली. उंदरापुरते उत्तर मिळाले : पोट भरणे आणि वासना उडणे ह्या दोन गोष्टी शेजारी आहेत, पण एक नाहीत.

हे सर्व प्रयोगशाळेतले झाले. घरातल्या माणसाला त्याचा उपयोग काय? माझ्या मते मोठा आहे. कडू असेल तेच औषध गुणकारी, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तिच्याच चालीवर, मळमळ सुटली म्हणजेच औषध लागू पडले, असे काही रोगी मानतात आणि मुकाट्याने सोसतात. तर काही जण घाबरून, डॉक्टरांना न विचारताच औषध सोडून देतात. सेमाग्लुटाइडची वजनासाठी मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ साली आले. तीत मधुमेह नसलेले १,९६१ प्रौढ होते. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरीने शेकडा १४.९ घटले, बिनऔषधाची सुई घेणाऱ्यांचे शेकडा २.४. मळमळीची तक्रार पहिल्या गटात शेकडा ४४.२ जणांनी केली, दुसऱ्यात शेकडा १७.४ जणांनी. परंतु पुढे अशा चाचण्यांचे आकडे तपासले, तेव्हा दिसून आले की, ज्यांना मळमळ झाली नाही त्यांचेही वजन जवळजवळ तितकेच घटले होते. घटलेल्या वजनातील मळमळीचा वाटा अगदी किरकोळ होता. म्हणजे सोसणे हे गुण येण्याचे मोल नव्हे. म्हणूनच हे औषध लहान मात्रेपासून सुरू करून काही आठवड्यांच्या अंतराने चढवितात. जागल्याची ओळख पटण्यास वेळ द्यावा लागतो. त्रास होत असेल, तर तो डॉक्टरांना सांगणे ही कुरकुर नव्हे. उपचाराचाच तो भाग आहे.

दुसरा उपयोग मनाचा आहे. लठ्ठ माणसाला आपण किती सहज खादाड म्हणतो! त्याला जिभेवर ताबा नाही, असा शेरा मारून मोकळे होतो. पुष्कळ धर्मपरंपरांनी अतिभोजन दोषांत मोजले आहे, आणि संयमाचे मोल कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्याच्या मेंदूला ‘पोट भरले’ हा निरोप क्षीणच पोचतो, त्याला संयम शिकविणे म्हणजे ज्याला घंटाच ऐकू येत नाही अशा मुलाला शाळा सुटल्यावरही बसून राहिल्याबद्दल शिक्षा करणे होय. हे औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आले, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ती माणसे वर्षभरात दुर्गुणी झाली नव्हती. निरोप्या तेवढा निघून गेला होता.

ही औषधे आता आपल्याकडेही आली आहेत. जिभेखाली न ठेवता गिळावयाची सेमाग्लुटाइडची गोळी आधी आली, टिर्झेपाटाइड हे ह्याच मालेतील पुढचे औषध २०२५ च्या मार्चमध्ये आले आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षीच्या जूनमध्ये आले. ती कोणी घ्यावी, किती घ्यावी, कोणी घेऊ नये, हे ठरविणे तज्ज्ञांचे काम आहे. बारीक होण्याच्या हौसेपायी दुकानातून परस्पर आणावयाची ही वस्तू नव्हे. पण घरात जो कोणी हे औषध घेत असेल, त्याच्या पानाकडे आपण लक्ष ठेवू शकतो. तो पानावरून उठतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान आहे की त्रास, हे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. त्याला विचारावे, ‘पोट भरले, की वासना उडाली?’ आणि दुसरे उत्तर आले, तर दुसऱ्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जावे.